पूजा आणि राखण

निसर्गालाच देव मानणारा एखादा नवा धर्म निघाला, तर झाडे, नद्या, पशुपक्षी वाचतील काय? हा प्रश्न आजच्या तरुण मुलांचा आहे आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्यांच्या कादंबऱ्यांत, चित्रपटांत, संगणकावरच्या खेळांत असा एक कल्पित धर्म वारंवार भेटतो. त्या धर्माला देऊळ नाही, पोथी नाही, पुजारी नाही. अरण्य हेच त्याचे क्षेत्र आणि झाड हेच दैवत. मुले विचारतात, "महाराज, आपल्यापेक्षा हा धर्म बरा नाही का?" विचारणाऱ्याला नास्तिक म्हणून गप्प बसवणे सोपे आहे. पण अर्जुनाने शंका काढल्या म्हणून गीता झाली, आणि गीता झाली म्हणून आपल्याला माउलींची टीका लाभली. तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष पुरता मांडू, मग सिद्धान्ताकडे वळू.

या कल्पित धर्माचे सर्वांत गाजलेले चित्र म्हणजे 2009 साली जेम्स कॅमेरॉन यांनी काढलेला चित्रपट. त्याचे नावच 'अवतार'. शब्द आपला, गोष्ट त्यांची. पँडोरा नावाच्या एका दूरच्या जगात निळ्या कांतीचे लोक राहतात. त्यांची एक महामाता आहे, तिचे नाव एयवा. सगळी झाडे मुळांनी एकमेकांशी जोडलेली, आणि त्या लोकांच्या वेणीचे टोक एका पवित्र झाडाला जोडले की पूर्वजांचे आवाज ऐकू येतात. शिकार करावी लागली तर मरणाऱ्या जनावराजवळ बसून ते प्रार्थना करतात. मग पृथ्वीवरची माणसे येतात. त्या लोकांचे घर असलेल्या एका प्रचंड झाडाखाली मोलाचे खनिज आहे, म्हणून ते झाड पाडतात. झाड पडते तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते. हे पाणी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परमुलखातल्या, कल्पनेतल्या का होईना, झाडासाठी माणूस रडतो, म्हणजे आत कुठेतरी ओलावा शिल्लक आहे.

पूर्वपक्षाचे खरे बळ मात्र चित्रपटात नाही. ते आपल्या अंगणात आहे. मुले म्हणतात, तुम्ही नदीला माता म्हणता, मग आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस का तरंगतो? चंद्रभागेत स्नान केल्याने पाप जाते म्हणता, आणि अंगावरचे जुने कपडे तिच्यातच सोडून येता. वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या तोडून बाजारात विकायला येतात आणि घरोघरी त्या तुटलेल्या फांदीची पूजा होते. दसऱ्याला सोने लुटायचे म्हणून आपट्याची झाडे ओरबाडली जातात. तुकोबारायांनी झाडावेलींना नातलग मानले आणि ते अभंग तुम्ही तन्मयतेने गाता. मग नातलगांशी असे वागतात काय?

सज्जनहो, या पूर्वपक्षाला शब्दांनी उत्तर देऊन चालणार नाही, कारण त्यातली वस्तुस्थिती खरी आहे. एवढेच तपासता येईल की रोग कशाचा आहे. आपल्या देवात उणे आहे, की आपल्या भक्तीत? नवा देव आणल्याने रोग बरा होईल, की तोच रोग नव्या देवालाही लागेल?

निसर्गाला देव मानणे आणि निसर्ग राखणे या एकच गोष्टी आहेत, असे गृहीत धरून मुले बोलतात. त्या एक नाहीत. त्या एक असत्या तर गंगा ही जगातली सर्वांत निर्मळ नदी असती. पूजेने माणसाचा हात जोडला जातो. पण जोडलेला हात सुटल्यावर काय करतो, ते पूजा ठरवीत नाही. ते नेम ठरवतो. निसर्ग राखणारा धर्म खरोखर कसा असतो, हे पाहायला पँडोराला जाण्याचे कारण नाही. तो मारवाडात सापडतो.

बिकानेर-नागौरच्या वाळवंटी मुलखात जांभोजी नावाचे महापुरुष होऊन गेले. आपल्याकडे भानुदास महाराज होऊन गेले, साधारण तोच काळ. जांभोजींचा जन्म 1451 चा, नागौरजवळच्या पीपासर गावचा. 1485 मध्ये समराथळच्या वाळूच्या टेकाडावर त्यांनी आपला पंथ स्थापला आणि अनुयायांना एकोणतीस नेम घालून दिले. वीस आणि नऊ, म्हणून ते बिश्नोई, असा अर्थ लोकांत रूढ आहे. या एकोणतीस नेमांत हिरवे झाड तोडू नये हा एक नेम आहे, जीवमात्रावर दया करावी हा एक आहे. पाणी, दूध आणि सरपण जीवजंतू पाहून, गाळून, झाडून वापरावे असा एक आहे. पण त्यांच्याच रांगेत पहाटे स्नान, चोरी न करणे, निंदा न करणे, खोटे न बोलणे, अफू-तंबाखू-भांग-दारू वर्ज्य, मांस वर्ज्य, क्षमा, आणि विष्णूचे भजन हेही आहेत.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. झाडांसाठी जगात सर्वाधिक ओळखला जाणारा हा पंथ झाडाला देव मानून चाललेला नाही. त्याचा देव विष्णू आहे, म्हणजे आपलाच पांडुरंग. झाड हे त्याचे दैवत नाही, ते त्याचे कर्तव्य आहे. जो जीभ आवरतो, जो व्यसन आवरतो, तोच कुऱ्हाड आवरतो, असा त्या एकोणतीस नेमांचा एकमेकांशी धागा आहे. निंदा करायची मोकळीक ठेवून फक्त झाडापुरते साधू होता येत नाही, हे जांभोजींना कळले होते.

त्या नेमाची परीक्षा 1730 साली झाली. जोधपूरचे महाराज अभयसिंह यांच्या बांधकामासाठी चुन्याच्या भट्ट्या पेटवायच्या होत्या आणि त्यांना सरपण हवे होते. राजाची माणसे खेजडली या बिश्नोई गावात खेजडीची झाडे तोडायला आली. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. त्या मुलखात तिच्या शेंगा माणसे खातात, पाला शेळ्या-उंटांना चारतात, आणि तिच्या सावलीत बाजरी उभी राहते. अमृतादेवी नावाची बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिला तोडले. तिच्या मागोमाग तिच्या तीन मुली उभ्या राहिल्या, त्यांनाही तोडले. मग आसपासच्या गावांतून माणसे येत गेली आणि एकामागून एक झाडांना बिलगत गेली. तीनशे त्रेसष्ट माणसे गेली, असे परंपरा सांगते. अखेर राजा शरमला आणि बिश्नोईंच्या गावांत हिरवे झाड तोडण्यास त्याने बंदी घातली.

ही कथा कीर्तनात सांगितली तर श्रोते हळहळतात. पण हळहळून तिचे मर्म हाती लागत नाही. अमृतादेवीने त्या दिवशी नवीन काही ठरवले नव्हते. हिरवे झाड तोडायचे नाही, हे तिच्या घराण्यात अडीचशे वर्षे रोज पाळले जात होते. चुलीसाठी वाळके सरपण गोळा करताना, त्यातला किडा झटकताना, रोजच्या कंटाळवाण्या कामात तो नेम पाळला गेला होता. म्हणून कुऱ्हाड समोर आली तेव्हा विचार करावा लागला नाही. रोजच्या लहान नेमातून मोठ्या दिवसाचे बळ येते. नुसत्या भावनेतून ते आले असते, तर चित्रपट पाहून रडलेली सगळी माणसे आज कुठल्या ना कुठल्या झाडापाशी उभी दिसली असती.

आणखी एक. तिने मान दिली ती स्वतःची दिली. झाड वाचवायला तिने दुसऱ्याची मान पुढे केली नाही. आज निसर्गप्रेमाच्या नावाखाली पुष्कळदा असे होते की शहरातला माणूस गाडीत बसून डोंगरातल्या गरिबाला सांगतो, लाकूडफाटा तोडू नको. ज्याची चूल त्या फाट्यावर पेटते त्याला उपदेश करण्याचा अधिकार आधी आपले काही सोडल्यावर येतो. नेमाचे पहिले लक्षण हेच, की तो स्वतःला लागतो. दुसऱ्याला लावायचा तो कायदा. कायदाही हवा, पण त्याला धर्म म्हणू नये.

कोणी म्हणेल, मारवाडचे राहू द्या, आपल्या महाराष्ट्रात देवराया होत्या, तिथे तर अरण्यालाच देव मानले होते आणि अरण्य राखलेही गेले. हे खरे आहे. सह्याद्रीत गावोगाव देवाच्या नावाने राखलेली राने आहेत. तिथून वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असा दंडक असे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या अभ्यासकांनी गेल्या शतकात त्या रानांत फिरून तिथल्या वृक्षसंपदेची नोंद केली. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले, पण देवराईत मोठाले जुने वृक्ष आणि वेली टिकून राहिल्या. तर मग पूजेने राखण होत नाही असे कसे म्हणता?

यावर माझे म्हणणे असे की देवराई राखली ती पूजेने नाही, त्या दंडकाने राखली. याचा पुरावा देवराया जिथे गेल्या तिथेच मिळतो. अनेक गावांत देव राहिला, पूजा वाढली, यात्रा मोठी झाली, आणि रान गेले. उघड्यावरच्या शेंदरी तांदळ्याला सिमेंटचे देऊळ हवे झाले. देवळाला पैसा हवा, पैशाला लाकूड होतेच. देवाच्या जीर्णोद्धारासाठी देवाचेच रान विकले. भक्ती कमी झाली होती असे कोणी म्हणू शकणार नाही, उलट कळसाची उंची वाढली. फक्त काटकी न उचलण्याचा नेम सुटला होता.

माउलींनी या प्रकाराचे वर्णन सातशे वर्षांपूर्वी करून ठेवले आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसेचे विवरण येते. तिथे माउली आधी खोट्या अहिंसेचा समाचार घेतात. झाडाच्या फांद्या तोडाव्यात आणि त्यांचे कुंपण त्याच झाडाच्या बुंध्याला घालावे, असा दृष्टान्त देतात. एका जिवाचा रोग बरा करायला वनस्पती मुळासकट उपटाव्यात, साली सोलाव्यात, याकडेही बोट दाखवतात. राहती घरे मोडून देव्हारे उभारायचे, व्यवहारात लोकांना नागवायचे आणि मग अन्नछत्र घालायचे, असेही सुनावतात. देवराई विकून बांधलेले देऊळ याहून वेगळे काय आहे? बुंध्याला कुंपण झाले खरे, पण झाडाला फांद्या उरल्या नाहीत.

आणि खऱ्या अहिंसेचे रूप काय? ती मनात उपजते आणि मग वाणीत, दृष्टीत, हातापायांत उतरते, असे माउली सांगतात. भुंगा कमळावर उतरताना केसर चुरगळू नयेत म्हणून जसा अलगद पाय ठेवतो, तसे त्या पुरुषाचे चालणे. जमिनीवर पाऊल टाकताना खाली जीव आहे याचे भान. इथे नमस्कार करण्याची गोष्टच नाही. पाय कसा टाकावा याची गोष्ट आहे.

आता कल्पित धर्माच्या देवतेकडे पुन्हा वळू, कारण त्या चित्रपटात एक फार खोल जागा आहे. युद्धाच्या आधी नायक त्या महामातेची करुणा भाकतो. तेव्हा तिथली नायिका त्याला सांगते की आमची माता कोणाचीच बाजू घेत नाही, ती फक्त जीवनाचा समतोल सांभाळते. निसर्ग हाच परमेश्वर मानला की हे उत्तर अटळ आहे. निसर्गात वाघही आहे आणि हरिणही आहे, पाऊसही आहे आणि पूरही आहे. पूर घर वाहून नेताना घर कोणाचे आहे ते विचारीत नाही. अशा देवतेपुढे हात जोडता येतील, पण तिला हाक मारता येणार नाही. चित्रपटाच्या कर्त्यालाही ही देवता शेवटपर्यंत झेपली नाही. युद्धात हार होऊ लागते तेव्हा रानातले सारे पशू त्या लोकांच्या मदतीला धावून येतात, म्हणजे माता बाजू घेते. धावून येणाऱ्या देवावाचून माणसाचे, आणि त्याच्या गोष्टीचेही, भागत नाही.

आपला सिद्धान्त निराळा आहे. झाड देव नव्हे, झाडात देव आहे. शब्दांत फरक थोडा दिसतो, पण व्यवहारात फार पडतो. झाडच देव मानले, तर ते झाड सोडून बाकीचे लाकूड उरते. सर्वांतरी तोच आहे असे मानले, तर सुटका कुठेच नाही. नामदेवरायांच्या समोरून कुत्र्याने पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. नाथबाबांनी काशीची गंगा कावडीने रामेश्वरासाठी नेली आणि वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजली. नाथांनी गंगेचा मान कमी केला काय? पिंडीवर घातल्यावर तिचे जे व्हायचे ते तिथेच झाले. सावतोबा तर मळा सोडून पंढरीला गेलेच नाहीत, अशी त्यांची कथा आहे. मळ्यातल्या भाजीतच त्यांना विठाई दिसली. पण ती दिसली म्हणून ते हात जोडून बांधावर बसून राहिले नाहीत. मोट हाकली, पाणी दिले, तण काढले.

यावर काही चतुर मंडळी म्हणतात, सगळीकडेच देव आहे तर इंद्रायणीच्या फेसातही आहे, मग तक्रार कशाची? त्यांना एवढेच विचारावे की विषातही देव आहे, तर लेकराला दुधाऐवजी तेच पाजाल काय? अद्वैत हे दृष्टीचे आहे, व्यवहारात विवेक ठेवायचा असतो. आईला मळवून तिच्यातला देव निर्मळच आहे म्हणणे हे अद्वैत नव्हे, हा आळस आहे.

मग पूजा टाकून द्यावी काय? मुळीच नाही. पूजेला एक कसोटी लावावी. ज्याची पूजा केली, त्याच्या अंगी ती लागते का? आपल्या घरातलीच दोन उदाहरणे घेऊ. वटपौर्णिमेला तोडलेल्या फांदीची पूजा वडाच्या अंगी लागत नाही, उलट वडाचे हात जातात. वृंदावनातल्या तुळशीची पूजा मात्र तुळशीच्या अंगी लागते, कारण तिची पूजा म्हणजेच तिला पाणी घालणे. ज्या दिवशी पूजा चुकते त्या दिवशी तुळस सुकते. आमच्या मायबहिणी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन आळंदीहून, देहूहून पंढरीपर्यंत चालतात. वाटेत उन्हाचा तडाखा असो की मुक्कामी पाण्याचे हाल असोत, त्या रोपाला पाणी मिळते, स्वतःच्या तांब्यातले मिळते. पूजा आणि राखण एक झालेली पाहायची असेल तर ती इथे आहे. जे तुळशीला साधले ते नदीला, डोंगराला, वाटेवरच्या वडाला का साधू नये?

वाटेवरच्या वडांचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. पालखीमार्ग रुंद झाला. वाहनांची आणि माणसांची सोय झाली, हे नाकारता येणार नाही. पण त्या रुंदीकरणात जुने वड गेले. ज्यांच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या दिंड्या विसावल्या, भाकरी सोडल्या, भजने झाली, ते गेले. आपल्यासाठी रस्ता झाला आणि आपले नातलग त्यात गेले. आता दरवर्षी वारीत रोपे लावण्याचे कार्यक्रम होतात, छायाचित्रे निघतात. रोप लावणे ही पूजा झाली. पुढची तीन उन्हाळी त्याला पाणी घालणे ही राखण. दुसरीवाचून पहिली म्हणजे पुन्हा तुटलेली फांदीच.

वारकऱ्याला नेमाचे वावडे नाही, ही माझ्या आशेची जागा आहे. गळ्यात तुळशीची माळ पडली की माणूस जन्मभर मांस-मदिरेला शिवत नाही. एकादशी चुकत नाही. पंढरीची वारी पिढ्यान्‌पिढ्या चुकत नाही. यासाठी कोणी पहारेकरी ठेवलेला नाही. शेजारच्या माळकऱ्याची लाज आणि संतांची आण, एवढ्यावर हे चालते. बिश्नोईंचा नेमही असाच एकमेकांच्या संगतीत टिकला. तेव्हा आपल्याला नवा धर्म नको, आहे त्याच माळेत एक-दोन नेम ओवायचे आहेत. चंद्रभागेत वस्त्र, निर्माल्य, पत्रावळ काही सोडायचे नाही. पूर्वी दिंडीत पळसाच्या पत्रावळी असत, त्या मातीत मिळून जात. आताच्या प्लास्टिकच्या ताटल्या शेतकऱ्याच्या रानात उडत राहतात, म्हणून प्रत्येकाने आपले ताट आणि तांब्या बरोबर ठेवावा. वटपौर्णिमेला फांदी विकत आणायची नाही. वडापाशी जावे, आणि वड जवळ नसेल तर सर्वांनी मिळून एक लावावा. आणि गावातल्या एका झाडाला एकादशीच्या एकादशीला पाणी घालावे. त्या दिवशी आपण उपाशी असतो, निदान झाड तरी तहानलेले नसावे.

हे नेम लहान आहेत, हे मला ठाऊक आहे. कारखान्यांचे सांडपाणी यांनी थांबणार नाही. त्यासाठी सरकारदरबारी भांडावे लागेल, आणि भांडावेच. पण जो स्वतः नदीत चिंधी टाकत नाही त्याच्याच भांडणाला वजन येते. राजाची माणसे आली तेव्हा खेजडलीच्या लोकांचे हात स्वच्छ होते, म्हणून राजाला शरमावे लागले.

कल्पित धर्म पाहून रडणाऱ्या मुलांना नावे ठेवू नयेत. त्यांना सांगावे, बाळांनो, तुमचे रडणे खरे आहे, आता त्याला एक नेम जोडा. चित्रपटाचा पडदा पडला की पाहणारा मोकळा होतो, कारण त्या देवतेने त्याच्याकडे काही मागितलेले नसते. हाच धोका कीर्तनालाही आहे. निरूपण ऐकून डोळे पुसत घरी जाणारा श्रोता दाराशी पोहोचेपर्यंत कोरडा झाला, तर आमचे कीर्तन आणि तो पडदा यांत काय अंतर राहिले? संतांनी आपल्याकडून अश्रू मागितले नाहीत. एकादशी मागितली, वारी मागितली, माळ मागितली. म्हणजे रोज पाळायचे काहीतरी मागितले. पृथ्वीसाठीही तेवढेच मागणे आहे.

रामकृष्णहरि.